एका पाटीची तीन वये: वाडीतल्या ग्लो साइन बोर्डांचा आढावा

अमरावती मार्गाने नागपूरच्या बाहेर पडताना विद्यापीठाचा परिसर मागे पडला की थोड्याच वेळात वाडी लागते. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, नव्या क्रमांकानुसार ५३, गावाच्या मधून जातो. दोन्ही अंगांना ट्रान्सपोर्ट कंपन्यांची कार्यालये आणि गोदामे, टायर-बॅटरीची दुकाने, हार्डवेअर, धाबे, दवाखाने, मंगल कार्यालये. आत वळले की दत्तवाडीची बाजारपेठ. आणि जवळच अंबाझरीची आयुध निर्माणी. इथल्या दुकानाला दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक असते. एक गल्लीतले, ज्याला दुकान पाठ असते. दुसरे रस्त्यावरचे, म्हणजे रात्री माल घेऊन आलेला परप्रांतातला ट्रकचालक किंवा औषधाचे दुकान शोधणारा प्रवासी. या दुसऱ्या गिऱ्हाइकाला दुकान म्हणजे त्याची पाटीच. ती पेटली नाही तर त्याच्यापुरते दुकान बंद.

वाडीच्या जवळजवळ प्रत्येक व्यावसायिकापुढे काही वर्षांनी एकच प्रश्न येतो. बोर्ड अंधुक झाला, लाल रंग उडून गुलाबी झाला, फ्लेक्सच्या कोपऱ्याला चीर गेली, आतल्या अर्ध्या ट्यूब विझल्या. आता सगळा बोर्ड उतरवून नवा करायचा, की आहे त्याच पेटीला नवा फेस आणि नवा उजेड द्यायचा? उत्तर बहुधा घाईत ठरते. दिवाळी तोंडावर असते, पेंटर किंवा फ्लेक्सवाला मिळेल तो दर सांगतो आणि काम उरकले जाते. या घाईत पैसा जातो, वीज जाते आणि कधी कधी माणसाचा जीवही जातो. म्हणून या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ग्लो साइन बोर्ड ही एक वस्तू दिसत असली तरी तिच्यात वेगवेगळ्या वयाच्या तीन वस्तू आहेत: लोखंडी सांगाडा आणि पेटी, पुढचा फेस, आणि आतला उजेड. चांगला रंगवलेला सांगाडा पंधरा-वीस वर्षे टिकतो. अ‍ॅक्रिलिकचा फेस त्याच्या निम्म्याने टिकतो आणि फ्लेक्स विदर्भाच्या दोन-तीन उन्हाळ्यांत थकतो. उजेडाचे सामान जसे निवडावे तसे टिकते, दोन वर्षेही आणि आठ वर्षेही. तिघांना एकाच वेळी फेकणे ही उधळपट्टी, आणि थकलेल्या सांगाड्यावर नवा चकचकीत फेस चढवणे हा धोका. प्रत्येकाला त्याच्या वयाप्रमाणे वागवावे, हेच या कामातले शहाणपण.

इथवरचा प्रवास

उजळ पाटीची सुरुवात निऑनपासून धरावी लागते. रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये निऑन वायू शोधला. जॉर्ज क्लोद या फ्रेंच अभियंत्याने १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या पेटवून दाखवल्या. काच वाकवणारा कसबी कारागीर आणि काही हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर या दोन गोष्टींमुळे निऑन मोठ्या शहरांतल्या मोठ्या दुकानांपुरते राहिले. १९३८ मध्ये फ्लुरोसंट ट्यूब बाजारात आली आणि पत्र्याच्या पेटीत ट्यूब लावून पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक बसवण्याची पद्धत जगभर रुळली. आपल्याकडच्या गावोगावच्या पेंटरांनी हीच पेटी स्वीकारली. अक्षरे हातानेच काढली जात. मग संगणकावर कापलेले विनाइल आले, पाठोपाठ छापील फ्लेक्स आला. फ्लेक्सने पाटी स्वस्त केली, एका दिवसात मिळणारी केली, आणि तितक्याच लवकर खराब होणारीही केली.

शेवटचा मोठा बदल एलईडीचा. निळा एलईडी जमल्याशिवाय पांढरा उजेड जमत नव्हता. ते कोडे सोडवणारे इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यानंतरच्या जानेवारीत भारत सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि एलईडी घराघरांत पोचला. पाट्यांच्या धंद्यात तो लहान मॉड्यूलच्या रूपाने आला: तीन-तीन दिवे बसवलेली, सीलबंद, १२ व्होल्टवर चालणारी पट्टी, मागे चिकटपट्टी आणि दोन स्क्रू.

ट्यूबचा काळ आता कायद्यानेही संपत आहे. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. या करारातील देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात ठरवले, की लांब फ्लुरोसंट ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवायची. म्हणजे आज ज्याच्या पेटीत ट्यूब आहेत त्याला उद्या त्या मिळणे अवघड होणार. बदल कधीतरी करावाच लागेल, तर तो नीट विचार करून करावा.

आधी सांगाडा

काम सुरू होते ते फेस उतरवल्यावर. फेस उतरला की पेटीची खरी अवस्था दिसते: तळाशी साचलेली धूळ, पावसाळ्यातल्या किड्यांचा थर, पाखरांची घरटी, आणि जिथे पाणी थांबते त्या खालच्या पाइपला लागलेला गंज. वाडीत ट्रकांची वर्दळ आणि वर्षानुवर्षे चाललेली रस्त्याची कामे यांमुळे धूळ अधिक. ती पावसाच्या पाण्यात भिजून पाइपच्या सांध्यांवर चिखलासारखी बसते आणि लोखंड आतून खाते. वरून रंग शाबूत असलेला चौकोनी पाइप हातोडीच्या हलक्या ठोक्याने दबतो, तेव्हा समजावे की तो फक्त रंगावर उभा आहे.

सांगाड्यावर सगळ्यात मोठा भार बोर्डाच्या वजनाचा नसून वाऱ्याचा असतो, आणि ही गोष्ट फार थोड्या दुकानदारांना सांगितली जाते. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग वापरतात. त्यात नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो येतो. २० फूट लांब आणि ४ फूट उंच अशा नेहमीच्या बोर्डाचे क्षेत्रफळ साधारण ७.४ चौरस मीटर. गुणाकार केला तर एका झंझावाती क्षणी त्या बोर्डावर ८७० किलोंच्या वर जोर येऊ शकतो. बोर्डाची उंची आणि आजूबाजूची बांधकामे यांनुसार हा आकडा कमी-जास्त होतो, पण हिशेबाचा अंदाज यावरून येतो. हा सगळा जोर भिंतीतल्या चार-सहा बोल्टांवर पडणार असतो. ते बोल्ट विटेत आहेत की काँक्रीटमध्ये, हे नवा फेस छापायला देण्याआधी पाहावे.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक वादळात कोसळला आणि १७ माणसे गेली. तो फलक १२० बाय १२० फुटांचा होता. मुंबईत परवानगी ४० बाय ४० फुटांपर्यंतच मिळते. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात फलक पडून ५ जणांचा मृत्यू झाला. ही मोठी होर्डिंगे होती, दुकानाच्या पाट्या नव्हत्या. पण वारा पाटीचा हेतू विचारत नाही. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर येणारी वादळे आणि गारपीट सगळ्यांच्या परिचयाची आहेत. पदपथावर झुकलेला वीस फुटी बोर्ड दुकानदाराचा असला, तरी त्याखालून चालणारा माणूस गावाचा असतो.

दुसरी तपासणी वीजवाहिनीची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार ११ केव्ही वाहिनी आणि इमारतीचा कोणताही भाग यांत आडवे किमान १.२ मीटर अंतर हवे. पूर्वी अंतर राखून लावलेला बोर्ड पुढे वाढवलेल्या सज्जामुळे किंवा नव्या खांबामुळे वाहिनीच्या जवळ आलेला असू शकतो. लोखंडी पाइप हातात घेऊन शिडीवर चढणाऱ्या मुलाला ते अंतर मोजायला कोणी शिकवलेले नसते. काम देणाऱ्याने ते मोजावे, आणि वाहिनी जवळ असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद करूनच काम करावे. कमरेला पट्टा नसलेला माणूस उंचीवर चढवू नये. ही अट दुकानदारानेच घातली पाहिजे, कारण पैसे त्याच्या हातात असतात.

सांगाडा खराब असेल तर खर्च वाचवण्याचा विचार तिथेच सोडावा आणि नवा करावा. सांगाडा बरा असेल तर गंज खरवडून, प्राइमर आणि रंग देऊन, पेटीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके पाडून तो आणखी दहा वर्षे सहज चालवता येतो. बहुतेक जुन्या पेट्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात, आणि त्या भंगारात जातात याचे मला फार वाईट वाटते.

फेस: फ्लेक्स, अ‍ॅक्रिलिक आणि ऊन

फेससाठी वाडीत आज मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली बॅकलिट फ्लेक्स. कापडाच्या जाळीवर पीव्हीसीचा थर, त्यावर छपाई. चित्र, फोटो, रंगांच्या छटा हवे ते छापता येते, वीस फुटांपर्यंत जोड लागत नाही आणि खर्च सगळ्यांत कमी. पण ऊन त्याला कडक करते, वारा त्याला पेटीवर आपटत राहतो आणि खिळ्यांपाशी तो फाटतो. फ्लेक्स घ्यायचाच असेल तर मागून उजेड देण्यासाठीचाच घ्यावा. समोरून उजेड देण्याच्या स्वस्त फ्लेक्सचा पेटीत काही उपयोग नाही. रात्री त्याच्यावर जाळी आणि डागच दिसतात.

दुसरी वाट दुधी अ‍ॅक्रिलिक आणि त्यावर विनाइलची अक्षरे. इथे एक चूक वारंवार होते. साधे विनाइल दिवसा लाल दिसते आणि रात्री मागून उजेड आला की काळे दिसते, कारण ते उजेड अडवते. रात्रीही लाल दिसायचे असेल तर उजेड पाझरू देणारे विनाइलच लागते. ते महाग असते, म्हणून बिलात त्याचा प्रकार लिहून घ्यावा. लाल आणि पिवळे रंग उन्हात आधी उडतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानांनी गडद निळा किंवा हिरवा रंग निवडला तर फेस जास्त दिवस टिकतो.

अ‍ॅक्रिलिकचा शत्रू ऊन जितके, तितकेच बसवणाऱ्याचे घट्ट स्क्रू. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने लोखंडाच्या सहापट फुगते. आठ फुटांची शीट ४० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिलिमीटर लांब होते. नागपूरची हिवाळी पहाट दहा अंशांच्या खाली जाते आणि मे महिन्यात हवाच ४५ च्या पुढे असते. उन्हात तापलेली शीट त्याहून कितीतरी गरम. म्हणजे वर्षभरात फरक ४० हून जास्तच. शीट चारी बाजूंनी स्क्रूने आवळली असेल तर ती फुगायला जागा शोधते, पोक काढते आणि एके दिवशी भोकापासून तडकते. उपाय साधा आहे. भोके स्क्रूपेक्षा मोठी पाडावीत, किंवा शीट अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत सैल बसवावी. चांगला कारागीर ओळखायचा असेल तर त्याला एवढेच विचारावे, की शीटला फुगायला जागा किती सोडणार.

तिसरी वाट सुट्या अक्षरांची. मागे एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये थर भरलेली) आणि तिच्यावर आतून उजळणारी थ्रीडी अक्षरे. सोन्याचांदीची दुकाने, दवाखाने आणि शोरूम यांत ही सध्या जोरात आहे. इथे देवनागरीचा विचार स्वतंत्र करावा लागतो. इंग्रजी अक्षरे सुटी असतात. प्रत्येक अक्षर वेगळे बसते आणि वेगळे विझते. देवनागरीत शिरोरेषा सगळा शब्द एकत्र धरते. कारागिराला हवे तर अख्खा शब्द एकाच पेटीत कापता येतो, वायरिंग आतून सलग जाते आणि भिंतीला भोके कमी लागतात. ही मोठी सोय आहे. उलट अनुस्वार आणि चंद्रबिंदू यांचे सुटे तुकडे होतात आणि अनुस्वाराच्या त्या लहानशा गोलात एकच मॉड्यूल बसते. ते विझले की ‘आनंद’ रात्री ‘आनद’ होतो. म्हणून अनुस्वारासाठी चांगल्यातले मॉड्यूल आणि सहज पोचता येईल असे झाकण मागावे. जोडाक्षरांच्या बारीक पोकळीत उजेड पोचत नाही, म्हणून जाड पण मोकळ्या पोटाच्या अक्षरांचा फॉन्ट निवडावा. वळणदार फॉन्ट लग्नपत्रिकेवर शोभतो, महामार्गावर वाचता येत नाही.

अक्षर किती मोठे हवे, याचेही गणित आहे. चांगले वाचता यावे म्हणून दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचे अक्षर, असा पाट्यांच्या धंद्यात जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. ताशी ५० किलोमीटरने येणारे वाहन तीन सेकंदांत सुमारे ४२ मीटर, म्हणजे १३७ फूट कापते. म्हणजे महामार्गावरून आरामात वाचायला अक्षर चौदा इंचांचे हवे. हा ठोकताळा रोमन मोठ्या अक्षरांसाठीचा आहे. देवनागरीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. चौदा इंचांच्या पट्टीत मूळ अक्षराच्या वाट्याला निम्म्याहून थोडी अधिकच उंची येते. म्हणून मराठी नावाला जागा इंग्रजीपेक्षा जास्त द्यावी लागते. ती मिळवण्याचा मार्ग म्हणजे पाटीवरची गर्दी काढणे. फोन नंबर, मालाची यादी आणि मालकाचा फोटो दारापाशी लहान फलकावर जाऊ द्या. वर नाव आणि धंदा एवढेच राहिले तर दोन्ही वाचले जातात.

आता वाडीत उड्डाणपूलही झाला आहे. पुलावरून जाणाऱ्याची नजर वरच्या मजल्याच्या पातळीवर असते, आणि खालच्या रस्त्याने जाणाऱ्याला पुलाच्या खांबांच्या फटीतून दुकान दिसते. फेस बदलताना बोर्डाची जागा आणि कोन यांचाही फेरविचार करण्याची ही वेळ आहे. खालच्या दुकानांना रस्त्याला काटकोनात असलेला लहान दुतोंडी बोर्ड मोठ्या सपाट बोर्डापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

उजेड: ट्यूबकडून एलईडीकडे

पेटी तीच ठेवून उजेड बदलण्याचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे ट्यूबच्या जागी एलईडी ट्यूब. यात जुना चोक आणि स्टार्टर काढून वीज थेट द्यावी लागते. ट्यूबचे वीज घेण्याचे टोक कोणते, हे पाहून जोडणी करावी आणि पेटीत तसे लिहून ठेवावे. नाहीतर पुढचा माणूस जुन्या सवयीने जोडतो आणि नवी ट्यूब जळते. दुसरा मार्ग मॉड्यूलचा. यात उजेड जास्त सारखा पडतो आणि एखादे मॉड्यूल गेले तरी पाटीत अंधारी पट्टी पडत नाही.

मॉड्यूल किती अंतरावर लावायचे हे पेटीच्या खोलीवर ठरते. पेटी जितकी खोल, साधारण तितक्याच अंतरावर मॉड्यूल; पसरट भिंगाची असतील तर थोडी जास्त लांब. उथळ पेटीत मॉड्यूल लांब लावली की फेसवर उजेडाचे ठिपके दिसतात. ट्यूबच्या जुन्या पेट्या सहा-आठ इंच खोल असतात आणि या कामाला त्या उत्तम ठरतात. आतला पत्रा पांढरा रंगवून घेतला तर त्याच मॉड्यूलमध्ये उजेड वाढतो.

वर घेतलेल्या २० बाय ४ फुटांच्या बोर्डाचाच हिशेब करू. त्यात ३६ वॉटच्या दहा ट्यूब धरू; चोकची भर घालून प्रत्येकी सुमारे ४६ वॉट, एकूण ४६० वॉट. त्याऐवजी १ वॉटची १८० मॉड्यूल लावली तर १८० वॉट, आणि पॉवर सप्लायमधली गळती धरून सुमारे २०५. फरक २५५ वॉट. बोर्ड रोज पाच तास पेटतो असे धरले तर वर्षाला सुमारे ४६५ युनिट वाचतात. व्यापारी जोडणीचा सगळे आकार धरून दर हिशेबासाठी १२ रुपये घेतला तर वर्षाची बचत साडेपाच हजारांच्या आसपास. मात्र अर्ध्या ट्यूब आधीच विझलेल्या असतील तर बिलातली बचत इतकी दिसणार नाही. तिथे खरा लाभ विजेचा नसून पुन्हा वाचता येणाऱ्या पाटीचा असतो, आणि विकणाऱ्याने तो तसाच सांगावा.

एलईडी ‘पन्नास हजार तास’ चालतो असे खोक्यावर लिहिलेले असते. तो आकडा बहुधा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा आणि ठरावीक तापमानातला असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद पेटीत ते तापमान राहत नाही. त्यातही आधी दगा देतो तो एलईडी नव्हे, त्याला वीज देणारा एसएमपीएस. त्यातल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते. म्हणून एसएमपीएस पेटीच्या आत वरच्या कोपऱ्यात कोंबू नये. सावलीत, हवेशीर जागी, दुकानाच्या आतून हात पोचेल असा लावावा. त्याच्यावर क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त भार टाकू नये. १८० वॉटसाठी एक मोठा घेण्यापेक्षा दीडशे वॉटचे दोन घ्यावेत. ते थंड राहतात आणि एक गेला तरी बोर्ड पूर्ण अंधारात जात नाही.

एक धोका मात्र एलईडीने नव्याने आणला आहे. २३० व्होल्टवर २०० वॉटला एक अँपिअरहून कमी प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर तेवढ्याच वॉटला जवळजवळ १७ अँपिअर. ‘बारा व्होल्ट आहे, काही होत नाही’ असे म्हणून केसासारखी बारीक वायर लावली जाते. ती तापते, टोकाची मॉड्यूल मंद पडतात, सांधे वितळतात. मागे एसीपी शीट असेल आणि तिच्या मधला थर साध्या प्लॅस्टिकचा असेल, तर ठिणगीला खाद्य तयारच असते. म्हणून मॉड्यूलची लांबच लांब माळ न करता लहान गट करावेत आणि प्रत्येक गटाला जाड वायर थेट द्यावी. बोर्डाला जादा प्रवाह तोडणारा स्वतंत्र एमसीबी, झटक्यापासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पेटीला अर्थिंग या तीन गोष्टींत तडजोड नको. भिजलेल्या पावसाळी रात्री शटरचे कुलूप लावताना बसणारा झटका या तिन्हींच्या अभावी बसतो. विजा आणि व्होल्टेजचे चढउतार इथे नेहमीचे असल्याने सर्ज रोखणारे साधनही लावावे. ते एसएमपीएसपेक्षा स्वस्त पडते.

कायदा काय मागतो

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात अनेक फेस बदलले गेले ते उन्हापावसाने नव्हे, कायद्याने. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात मार्च २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी, देवनागरी नामफलक बंधनकारक झाला. मराठी अक्षरे आधी हवीत आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. मुंबईच्या व्यापाऱ्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

पाटी मराठी असावी हे मला मनापासून पटते. पण घाईने केलेले पालन कसे दिसते तेही पाहा. इंग्रजी फेसवर वरच्या कोपऱ्यात साध्या विनाइलची मराठी पट्टी चिकटवली जाते. दिवसा ती नियमात बसते आणि रात्री काळी पडून नाहीशी होते. काही ठिकाणी अशुद्ध मराठी छापले जाते, कारण छापणाऱ्याकडे तपासणारा नसतो. मराठी नाव रात्रीही उजळले पाहिजे आणि ते शुद्ध असले पाहिजे, हा आग्रह कायद्याच्या भीतीने नव्हे, आपल्या भाषेच्या मानाने धरावा. फेस कधी ना कधी बदलायचाच असतो. त्याच वेळी देवनागरीला तिची पूर्ण जागा देऊन मांडणी नव्याने केली तर वेगळा खर्च पडत नाही.

महामार्गालगत आणखी एक बाजू येते. इंडियन रोड्स काँग्रेसचे रस्त्यालगतच्या जाहिरातींविषयीचे धोरण, आयआरसी ४६, १९७२ पासून आहे. लुकलुकणारे किंवा डोळे दिपवणारे दिवे आणि सिग्नलशी गल्लत होईल अशी मांडणी त्याला मान्य नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत पाट्या आणि त्यांच्या चौकटींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. स्थानिक परवानगीचा विषय वाडी नगर परिषदेचा. फक्त फेस बदलताना आकार वाढत असेल, बोर्ड रस्त्याच्या हद्दीत येत असेल किंवा छतावर चढत असेल, तर आधी तिथे विचारणा करावी.

उतरवलेल्या सामानाचे काय

जुन्या ट्यूबमध्ये प्रत्येकी काही मिलिग्रॅम पारा असतो. त्या फोडून नालीत टाकणे सगळ्यांत वाईट. पारायुक्त दिवे २०१६ पासून ई-कचरा नियमांत आहेत. म्हणून ट्यूब अखंड बांधून अधिकृत संकलनाकडे द्याव्यात. चोकमधले तांबे-लोखंड आणि पेटीचा पत्रा भंगारवाला घेतोच. प्रश्न उरतो फ्लेक्सचा. पीव्हीसी जाळल्यावर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखे घातक वायू निघतात. केरळ सरकारने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली. आपल्या खेड्यांत जुना फ्लेक्स कौलांखाली, गोठ्यावर, पिकाच्या ढिगावर ताडपत्रीसारखा वापरतात. तो पुनर्वापर चांगलाच आहे, पण दर दोन वर्षांनी निघणाऱ्या ढिगाला तो पुरणार नाही. दीर्घायुषी अ‍ॅक्रिलिक निवडण्यामागे हेही एक कारण आहे.

किती उजेड पुरे

एलईडी स्वस्त झाला तसा पाट्यांचा झगमगाट वाढला. शेजाऱ्याच्या बोर्डापेक्षा आपला उजळ असावा म्हणून मॉड्यूल दुप्पट होतात आणि शेवटी कोणतीच पाटी वाचता येत नाही. पांढऱ्या उजेडात अक्षरांच्या कडा विरघळतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर रंगीत अक्षरांपेक्षा गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरे रात्री जास्त स्पष्ट दिसतात आणि वीजही कमी लागते. ६५०० केल्विनचा निळसर उजेड सगळीकडे वापरण्याची गरज नाही. ४००० च्या आसपासचा उजेड डोळ्यांना सुखाचा आणि वाचायला पुरेसा. दुकान बंद झाल्यावर तासाभरात बोर्ड विझवणारा टायमर प्रत्येक पाटीला असावा.

याच नागपूर जिल्ह्यात २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले गेले. वाडीसारख्या व्यापारी गावाकडून तसल्या काळोखाची अपेक्षा नाही. पण तिथली शिकवण इथेही लागू आहे: उजेड जिथे हवा तिथेच पडावा, आणि हवा तेवढाच असावा.

आता वाडीत काय व्हावे

हे काम एकट्या दुकानदाराने चांगले केले तरी अपुरे राहते, कारण कोसळणारा बोर्ड आणि दिपवणारा उजेड शेजाऱ्यालाही लागतो. म्हणून मृग लागण्याआधी, मे महिन्यात, व्यापारी संघटनांनी आपापल्या रांगेतल्या बोर्डांची एकत्र तपासणी ठेवावी. एक वेल्डर, एक परवानाधारक वायरमन आणि एक दिवस एवढ्याने पन्नास दुकाने पाहून होतात. नगर परिषदेने महामार्गालगतच्या मोठ्या बोर्डांना स्थैर्याचा दाखला मागावा आणि फेस-बदलाची साधी सूचना-पद्धत ठेवावी, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला नवा बोर्ड करणाऱ्याइतका त्रास होणार नाही. वाडीजवळच्या आयटीआयमधल्या वायरमन आणि वेल्डरच्या विद्यार्थ्यांना एलईडी पाट्यांचे काम शिकवले, तर आज अंदाजाने होणारे काम उद्या शिकलेल्या हातांनी होईल.

दुकानदाराने स्वतः करायचे ते तर आजच करता येते. काम देताना तीन वेगळे दर मागावेत: सांगाड्याची दुरुस्ती, फेस, उजेड. बिलावर विनाइलचा प्रकार, शीटची जाडी, मॉड्यूल आणि एसएमपीएस यांची कंपनी, वॉट आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. पेटीच्या आत तारीख आणि जोडणीचा नकाशा चिकटवून ठेवावा. पैसे देण्याआधी बोर्ड रात्री, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहावा. हे जो मागेल त्याला कारागीरही तसेच काम देतील, कारण चांगले काम करायची त्यांची तयारी असते; आजवर गिऱ्हाइकाने त्यांना फक्त एकूण रक्कम विचारली आहे.